‘तीन महिन्यांत स्कूल सायकॉलॉजिस्ट’: त्या मेसेजातल्या चार वाक्यांचं काय?

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘सायकॉलॉजीत एम.ए. केल्यावर तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करा आणि अमेरिकेसारखे स्कूल सायकॉलॉजिस्ट व्हा. काम काय, मुलांशी बोलायचं. टेस्ट तर मॅन्युअल वाचून जमतात. डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेटही तुम्हीच द्याल.’

अमेरिकेचंच नाव घेतलंय तर तिथला हिशेब बघू. तिथल्या स्कूल सायकॉलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार स्पेशालिस्ट पातळीच्या शिक्षणाला पदवीनंतर किमान ६० सेमिस्टर क्रेडिट लागतात. शिवाय देखरेखीखाली १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. रोजचे सहा तास धरले तरी २०० दिवस होतात, म्हणजे शाळेचं अख्खं वर्ष. प्रॅक्टिकम, म्हणजे शिकता-शिकता केलेलं प्रत्यक्ष काम, त्याआधीच उरकलेलं असतं.

‘मुलांशी बोलायचं’ हे खरं, पण मोजायचंही असतं. वाचनाची साधी तपासणी घ्या. तीन उतारे, प्रत्येकी एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि तिन्हींतला मधला आकडा धरायचा. सरासरी काढायची नाही, कारण एकच उतारा अवघड निघाला तरी ती घसरते. मग दर आठवड्याला आलेख. रेषा वर सरकत नसेल तर शिकवण्याची पद्धत बदलायची आणि ते वर्गशिक्षिकेला पटवायचं. खरी मेहनत या शेवटच्या कामात असते.

आता मॅन्युअल. ज्या गावात प्रमिला फाटक यांनी तान्ह्या मुलांच्या विकासाचे वयानुसार मापदंड, म्हणजे ‘बडोदा नॉर्म्स’, बसवले, तिथे हे वाक्य जरा जास्तच खटकतं. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी घ्या. तिच्यात बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले १००. मुलाचा जन्म १८-११-२०१५, चाचणी ५-३-२०२५. नीट वजाबाकी केली तर वय ९ वर्षं ३ महिने, म्हणजे १११ महिने. घाईत नुसती सालं वजा केली की १० वर्षं, १२० महिने. मानसिक वय १०२ महिने आलं असेल तर पहिल्या हिशेबाने बुद्ध्यांक ९२, दुसऱ्याने ८५. मुलाने काहीच न चुकता सात गुण गेले.

अंक-स्मरणात, म्हणजे ऐकलेले अंक परत म्हणण्यात, सेकंदाला एक अंक सांगायचा, सपाट आवाजात. ‘पाच-आठ, दोन’ अशी जोडी पाडली की मुलाला आयती मदत झाली. आपल्या घरांतला आणखी एक सापळा म्हणजे ‘अठ्ठावन्न’. मराठीत आणि गुजरातीतही आठ आधी ऐकू येतो, इंग्रजी माध्यमात ‘फिफ्टी-एट’. घरच्या भाषेत आकडा सांगितल्यावर मुलाने ८५ लिहिलं तर ते अंक उलटे लिहिण्याचं लक्षण असेलच असं नाही. तोच आकडा इंग्रजीत सांगून बघा. हा सापळा मॅन्युअल शिकवत नाही; शेजारी बसलेला सुपरवायझर शिकवतो.

सर्टिफिकेटचा दावा तर सरळ धोक्याचा. डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकरणाचा. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत क्रम असा होता: आधी बालरोगतज्ज्ञाकडून दृष्टी-श्रवणासकट तपासणी, मग बुद्ध्यांक, आणि तो ८५ च्या वर असेल तरच पुढची चाचणी. वय किमान ८, पुन्हा तपासणी १४ आणि १८ व्या वर्षी. असे सात गुण इथे चुकले तर मूल दारातच अडायचं. आणि अशा व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत क्लिनिकल आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट हे वर्ग आहेत, ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’ असा वेगळा वर्ग नाही.

मेसेजात अर्धं सत्य एवढंच की सीबीएसई शाळेत काउन्सेलरच्या जागेसाठी सायकॉलॉजीची पदवी चालते. तिकडे जायचं असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा बघा: सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. गुजरातसाठीची प्रादेशिक संस्था भोपाळची. कोणत्याही कोर्सची फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: देखरेखीखाली किती तास, आणि माझ्या रिपोर्टवर सही कोणाची? उत्तर ‘व्हिडिओ आयुष्यभर बघता येतील’ असं आलं, तर पैसे खिशातच ठेवा.