गुळाचा रंग लोहाच्या नावावर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले की आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग लागते आणि दर हंगामात माझा तोच संताप नव्याने उसळतो. गुळातले लोह मोजायला गूळ पाण्यात विरघळवून गाळायचा, त्यात लोहाशी मिळून नारिंगी रंग देणारे फेनँथ्रोलिन घालायचे, ५१० नॅनोमीटर तरंगलांबीला शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषते ते) वाचायची आणि ब्लँक म्हणून, म्हणजे शून्य ठरवायच्या तुलनेच्या द्रावणासाठी, मात्र क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक नळीत) निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी भरायचे, हा प्रकार आता मला सहन होत नाही.

रस काहिलीत आटताना तयार झालेली तपकिरी रंगद्रव्ये अतिनील आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषतात, पण ५१० नॅनोमीटरलाही त्यांचे शोषण शून्यावर आलेले नसते. लोहाचा नारिंगी रंग कोणता आणि गुळाचा अंगचा रंग कोणता, हे यंत्राला कळत नाही. ते दोन्हींची बेरीज दाखवते आणि ती सगळी आम्ही लोहाच्या नावावर मांडतो. म्हणजे गूळ जितका काळा, तितके त्यात लोह जास्त! ज्या गुऱ्हाळवाल्याने मळी काढण्यात जीव ओतून रंग राखला, त्याचा अहवाल कमी प्रतीचा आणि ज्याचा पाक करपला त्याचा सरस, हा उघड अन्याय आहे.

यावर मला दर वेळी एकच उत्तर मिळते, की द्रावण आणखी पातळ करा. अहो, पातळ केल्याने लोहाची आणि रंगाची शोषकता सारख्याच प्रमाणात उतरते, चुकीचा वाटा तसाच राहतो! अभिकर्मकांचा (नुसत्या घातलेल्या रसायनांचा) ब्लँक हवाच, पण त्याच नमुन्याचा तेवढाच भाग घेऊन, फेनँथ्रोलिन वगळून बाकी सारे घालून, त्याचीही शोषकता वजा करायला हवी. द्रावण फारच गडद असेल तर ही वजाबाकीही भरवशाची नसते, कारण शोषकता २ असताना शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोहोचतो. अशा वेळी नमुना भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला जाळून त्याची राख आम्लात विरघळवावी, म्हणजे रंगच उरत नाही. त्याला काही तास लागतात आणि ‘पार्टी (गिऱ्हाईक) थांबत नाही’ म्हणून ते तास आम्हाला मिळत नाहीत.

गेल्या आठवड्यात एका गडद नमुन्याला मी हट्टाने फेनँथ्रोलिन वगळलेला ब्लँक लावला, तेव्हा जवळजवळ निम्मी शोषकता गुळाच्या रंगाचीच निघाली. ते आकडे मी वरिष्ठांपुढे ठेवले. त्यांनी जुन्याच पद्धतीचा अहवाल रवाना केला. त्या अहवालावर विश्लेषक म्हणून नाव माझे आहे.