'पॉश'बद्दल मीच पाठवलेला मेसेज चुकीचा आहे

परवा ग्रुपवर मी एक मेसेज पुढे ढकलला होता. इंग्रजांच्या काळात विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीत असे आणि परतताना उजवी. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावीकडे, परतताना उजवीकडे) याची इंग्रजी आद्याक्षरं POSH छापत, त्यातून 'पॉश' आला, असं त्यात होतं. मलाही तेव्हा फार आवडलं होतं!

नंतर शब्दकोश उघडले. या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीचं असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ही व्युत्पत्ती छापात दिसते ती 1935च्या सुमारास. 'झकपक' या अर्थाचा 'पॉश' त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून छापला जात होता, तेव्हा या आद्याक्षरांचा कुठे पत्ताच नव्हता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर, पैसा. तो बहुधा युरोपातल्या जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आला. पुढे 'छानछोकी करणारा' असाही अर्थ नोंदला गेला. आजचा 'पॉश एरिया' नेमका यातल्या कुठल्या वाटेने आला, यावर कोशकारांचं एकमत नाही. पण बोटीच्या तिकिटावरून नाही, हे ते सगळेच सांगतात.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर कृपया काढून टाका, आणि तिथे हा टाका.