इरकल हे एका गावाचे नाव आहे

गेल्या महिन्यात आजीची जुनी वाकळ नव्याने शिवायला द्यावी म्हणून उसवायला घेतली, तेव्हा वरचे दोन विरलेले थर निघाल्यावर आतून तिचे काळे इरकल बाहेर आले. लुगड्याचा काळा रंग उडून करडा झाला होता, काठाचा लाल मात्र अजून टिकून होता. पदराजवळून हात फिरवताना बोटाला एक आडवी, किंचित उंच रेघ लागली. लहानपणी ती रेघ पाहून मला वाटत असे, की लुगडे तेथे फाटले असणार आणि आजीने ते सांधले असणार. ते सांधलेलेच होते, पण तो सांधा आजीचा नव्हता. लुगडे विणले जाण्यापूर्वीच विणकराच्या घरात तो घातला गेला होता.

इरकल म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले इळकल. ळ हे अक्षर आपल्याही भाषेत असताना गावाच्या नावातला ळ आपण र का केला, हे कोडेच आहे. पूर्वी हे गाव विजापूर जिल्ह्यात होते आणि १९५६ पर्यंत तो सगळा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या घरांना हे कापड कधी परके वाटलेच नाही. आमच्या घरात ‘इरकलचे लुगडे’ असे कोणी म्हणत नसे. ‘दांडीवरचे इरकल काढ’ एवढेच म्हणत. मी कळत्या वयाची होईपर्यंत हे एका गावाचे नाव आहे, हे मला ठाऊक नव्हते, आणि मला वाटते, आजही आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नसते.

आता त्या सांध्याविषयी. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा असतो आणि पदराचा ताणा वेगळा. अंगाला सहसा सूत आणि पदराला रेशीम, तेही बहुधा लाल. हे दोन ताणे एकमेकांना जोडण्यासाठी अंगाच्या धाग्यांचे फासे पदराच्या धाग्यांच्या फाशांत अडकवावे लागतात, आणि हे काम साडीच्या सबंध पन्हाभर, एकामागून एक धागा घेऊन करावे लागते. तिकडे याला टोप-तेनी म्हणतात. आपल्याकडचा ‘टोपपदर’ हा शब्द त्याच घरातला. एकच लांबलचक ताणा चढवून त्यावर ओळीने साड्या विणत जावे, अशी सोय येथे नाही. प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र करावा लागतो आणि प्रत्येक साडीला सांधा नव्याने घालावा लागतो. शिवाय अंगाचा आणि दोन्ही काठांचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगवेगळा ठेवण्यासाठी तो धागा ओढून नेणारे तीन धोटे चालवावे लागतात, म्हणूनच काठाचा लाल अंगाच्या काळ्यात मिसळून मळकट होत नाही. पदरावरच्या पांढऱ्या नक्षीत फणीचे दाते असतात, किल्ल्याच्या तटाची कंगोरे असलेली ओळ असते. महागडे रेशीम दिसणाऱ्या काठापदरापुरते वापरायचे आणि अंगाला रोजच्या कामाला टिकणारे सूत ठेवायचे, ही कष्टकरी बाईच्या बेताची किती शहाणी योजना आहे, हे मला आजीच्या वाकळीने शिकवले.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी भाचीच्या डोहाळजेवणासाठी मी ऑनलाइन एक ‘अस्सल हातमाग इरकल’ मागवली होती. साडी आली, रंग सुरेख होता, पदरावर पांढरी नक्षीही होती. पण अंगाचा आणि पदराचा ताणा एकच होता, सांधा कोठेही नव्हता, आणि सूत म्हणून जे सांगितले होते ते पॉलिस्टर निघाले. मी विक्रेत्याला कळवले, तेव्हा उत्तर आले, की हल्ली इरकल अशीच येते.

या उत्तराने मला फसवणुकीपेक्षा अधिक दुखावले. यंत्रमागावर काम करणाऱ्यांशी माझे काहीही वाकडे नाही. त्यांचेही पोट त्यावरच आहे आणि स्वस्त साडी नेसण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. पण गावाचे नाव कापडाला मिळते, ते त्या गावातल्या कित्येक पिढ्यांनी एक काम एका विशिष्ट रीतीने केले म्हणून मिळते. ती रीत गाळून नुसते नाव उचलणे म्हणजे त्या घरांची मजुरी उचलणेच आहे. इळकलच्या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि हातमागासाठी काही कापडे राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून देशात आहे. तरीही दुकानात ‘इरकल’ हा शब्द एखाद्या रंगासारखा किंवा डिझाइनसारखा वापरला जातो, कारण विकत घेणाऱ्या आपल्यालाच तो शब्द कोठून आला हे ठाऊक नसते.

माझी मागणी फार मोठी नाही. साडी यंत्रमागावरची असेल तर चिठ्ठीवर ‘यंत्रमाग, इरकली काठ’ असे स्वच्छ लिहावे आणि सांधा असलेल्या साडीलाच इरकल म्हणावे. मी आता दुकानात गेले, की आधी साडी उलटी करून पदराजवळ बोट फिरवते. परवा एका वयस्कर दुकानदारांनी मला तसे करताना पाहिले, काही न बोलता समोरची थप्पी बाजूला सारली आणि खालच्या कप्प्यातून दुसऱ्या साड्या काढल्या.