टेम्पोने उभे कसे राहावे

मुंबईत मालवाहू टेम्पो चालतो कमी आणि उभा राहतो जास्त. लालबागमधून मसाल्याची खोकी घेऊन निघालेला आमचा टेम्पो आधी भारतमाताच्या सिग्नलला उभा राहतो, मग पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाल्यापासून त्या पुलाच्या वाट्याची गर्दीही करी रोड आणि टिळक पुलांनी वाटून घेतल्यामुळे हे उभे राहणे अधिकच भरघोस झाले आहे. म्हणून गाडी किती वेगाने पळते याची चौकशी आमच्याकडे कोणी करत नाही. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन आठशेच्या आसपास आरपीएम, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, धरून किती गुमान धडधडते, यावर आमचा धंदा चालतो.

सर्व्हिसिंगला आलेल्या या टेम्पोचे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा कमी-जास्त करणारे भांडे, उघडून मिस्त्रींनी आतील काळा थर आम्हाला दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुरातत्त्व खात्याला शोभेल असे समाधान होते. इंजिनाच्या पोटातील तेलाची वाफ पुन्हा हवेच्या मार्गात सोडलेली असते आणि ती थ्रॉटलच्या गोल पाकळीच्या कडेला काजळीसह चिकटत जाते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि ते खरेच आहे. मग स्प्रे मारून, फडक्याने पुसून त्यांनी ते भांडे असे लखलखीत केले की ते परत गाडीत बसवावे की देव्हाऱ्यात ठेवावे, असा प्रश्न पडावा.

किल्ली फिरवताच टेम्पो पंधराशे आरपीएमवर किंचाळू लागला. काही वेळाने तो नऊशेवर आला, पुन्हा तेराशेवर चढला, मग घसरत घसरत पाचशेपर्यंत गेला आणि शेवटचा आचका देऊन बंद पडला. आमचे चालक काका, ज्यांनी डबल क्लच मारण्याच्या काळापासून स्टिअरिंग हातात धरले आहे, ते खाली उतरून म्हणाले, “दादा, आधी मळकी होती पण शहाणी होती.”

त्यानंतर आमच्या गल्लीतील तज्ज्ञ जागे झाले. कोणी प्लग बदलायला सांगितले, कोणी सीएनजीत पाणी आल्याचे निदान केले, आणि समोरच्या चिवड्याच्या दुकानातून लिंबू-मिरची आली, जिची निदान किंमत तरी कोणी मागितली नाही. मिस्त्रींनी बॅटरीची तार काढून पुन्हा लावली. त्यामुळे इंजिनाचा ताल तसाच राहिला, मात्र घड्याळ बारावर गेले आणि रेडिओवर जपून ठेवलेली सगळी केंद्रे पुसली गेली. “चालवत राहा, आपोआप बसेल,” असे सांगून ते दुसऱ्या गाडीच्या काजळीकडे वळले.

टेम्पो वाटेत ढकलत-थांबवत कुर्ल्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेला, तेव्हा त्याने प्रथम पान्याला हातही न लावता बॉनेटवर कान टेकवला. थ्रॉटल बॉडीखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारी चकती, नीट बसले नसेल किंवा एखादी व्हॅक्यूमची नळी लावायची राहिली असेल, तर तेथून चोरून शिरणारी हवा शिट्टी वाजवते आणि आरपीएम असाच वरखाली होतो. शिट्टी नव्हती. मग त्याने इंजिनाच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला आणि जे सांगितले ते ऐकून मला त्या संगणकाविषयी प्रथमच आपुलकी वाटली. काजळीने हवेची फट जसजशी अरुंद होत गेली, तसतशी इंजिनाच्या संगणकाने पाकळी किंचित अधिक उघडी ठेवायची सवय लावून घेतली होती. आता काजळी गेली तरी सवय राहिली, त्यामुळे हवा गरजेपेक्षा जास्त शिरत होती. चाळीच्या कोलाहलात आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेला तरी काही महिने फोनवर तितक्याच जोराने बोलतो. त्यात त्याचा दोष नसतो. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत जुनी सवय पुसली जाते, काहींत नाही, आणि पुसली गेली तरी नवी शिकवावीच लागते. शिवाय इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी पुसताना बोटाने जोरात ढकलली, तर आतील दातेरी चाके दुखावू शकतात, हेही त्याने जाता जाता सांगितले. आमची सुदैवाने शाबूत होती.

शिकवणीची पद्धत कागदावर सोपी आहे. इंजिन पूर्ण तापलेले असावे, दिवे आणि पंखा बंद असावेत, ॲक्सिलरेटरला कोणी पाय लावू नये आणि गाडीला काही मिनिटे जागच्या जागी निवांत चालू द्यावे. परंतु मुंबईच्या रस्त्याकडेला चालू इंजिनाचा टेम्पो निवांत उभा राहू शकतो, असे गृहीत धरणाऱ्या अभियंत्याने हे शहर पाहिलेले नसावे. इंजिन तापले की हवालदार “पुढे घ्या” म्हणत. पुढे घेतला की मागून पाण्याचा टँकर हॉर्न वाजवी. एका रिक्षावाल्याने तर भाडे सोडून खिडकीत डोके घातले आणि इंधन फुकट जाळल्याबद्दल आम्हाला सुनावले. चालक काकांचा पाय सवयीने ॲक्सिलरेटरकडे जाई आणि स्कॅनरवरची प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होई. अखेर इलेक्ट्रिशियनने त्यांना चहा आणायला पाठवले, आणि ते चहा घेऊन परतेपर्यंत काटा आठशेवर येऊन स्थिर झाला.

आता टेम्पो सिग्नलला इतका शांत उभा राहतो की इंजिन बंद पडले असे समजून काका पुन्हा किल्ली फिरवतात, आणि स्टार्टरचे दात चालत्या फ्लायव्हीलवर कर्रकन घासतात. त्या आवाजाची बातमी गॅरेजपर्यंत पोहोचली असून, स्टार्टर उघडून आतून स्वच्छ करून देण्याची तयारी पहिल्या मिस्त्रींनी दर्शवली आहे.