'द रोझी प्रोजेक्ट' वाचून बघा

हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या प्रवासात वाचाव्यात आणि विसरून जाव्यात, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. ग्रेम सिम्सियन यांची २०१३ साली आलेली 'द रोझी प्रोजेक्ट' घ्या. मेलबर्नमधला जनुकशास्त्राचा प्राध्यापक डॉन टिलमन बायको शोधायला चक्क १६ पानी प्रश्नावली तयार करतो. सिगारेट ओढणारी नको, शाकाहारी नको, वेळ न पाळणारी तर नकोच. आणि भेटते रोझी, नेमकी तशीच! तिच्या जन्मदात्या वडिलांच्या शोधात तोही ओढला जातो. एका पार्टीत बारमागे उभं राहता यावं म्हणून हा गडी कॉकटेलच्या पाककृती तोंडपाठ करतो, तो प्रसंग वाचताना मी मोठ्याने हसत होते. पण ते हसू डॉनची टिंगल करणारं नाही. गोष्ट तोच सांगतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक हट्ट आपल्याला आतून कळतो. लोकांना हसवत ठेवून एखाद्या माणसाबद्दल इतकी माया वाटायला लावणं फार अवघड काम आहे हो! (मूळची ही पटकथा होती, संवाद एवढे चटपटीत आहेत ते त्यामुळेच असावेत.) पुढे आणखी दोन भाग आहेत, पण सुरुवात इथूनच करा.