पिन बसली म्हणजे हेड जुळलं असं नसतंय

सेलूला माझ्या भाच्याचा स्टुडिओ आहे, पासपोर्ट, साखरपुडे, लहान लेकरांचे फोटो असं चालतंय त्याचं. परवा रात्री साडेदहाला फोन आला, "मामा, जुना पॉवर पॅक घेतलाय सहा हजारात, आणि ते बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं हेड होतं ना, ते त्याला बसवायलोय, मोंढ्यातले रिवाइंडिंगवाले काका पिन बदलून देतो म्हणलेत." पॉवर पॅक म्हणजे स्टुडिओच्या फ्लॅशची वीज साठवणारी पेटी, आणि हेड म्हणजे केबलनं तिला जोडायचा फ्लॅश ट्यूबवाला दिवा. म्हणलं हे डोक्यात कोणी घातलं तुझ्या? तर त्यानं व्हॉट्सअपवरचा मेसेज पाठवला. तोच मेसेज माझ्याकडं आधीच तीन ग्रुपवर येऊन पडलाय. तोवर वाचून सोडून दिला होता, पण आता घरातलंच लेकरू हात घालायलंय म्हणल्यावर लिहावंच लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: वॅट-सेकंद जुळले की कुठलंही हेड कुठल्याही पॅकला चालतं, फक्त पिन बदलायची. पॅक बंद केला की करंट संपला, मग हेड काढा-घाला. कितीही वर्षं पडून असला तरी जुना माल मजबूत, थेट लावा. सिंक वायर, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबताच फ्लॅश पेटवणारी, सरळ कॅमेऱ्यात खोचा. आणि वर जुन्या पॅकचा उजेड म्हणे मऊ असतो.

पहिल्यापासून घ्या, कारण सगळी गडबड तिथंच आहे. वॅट-सेकंद म्हणजे ज्यूल, साठवलेली ऊर्जा किती एवढंच ते सांगतंय, किती व्होल्टवर साठवली ते सांगत नाही. हे कळायला कुठलं परदेशी मॅन्युअल नको, बारावीच्या फिजिक्सचं पुस्तक काढा, पॅकमध्ये वीज साठवतो तो कपॅसिटर, त्याच्यातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले कपॅसिटन्स (साठवायची क्षमता, ती फॅरडमध्ये मोजतात) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. आता दोन पॅक घ्या, दोन्हीच्या पाटीवर ४०० वॅट-सेकंद. एकात ४५० व्होल्ट नि साधारण ३९५० मायक्रोफॅरड, दुसऱ्यात ९०० व्होल्ट नि साधारण ९९० मायक्रोफॅरड. आकडेमोड करून बघा, दोन्हीकडं ४००च येतंय! पण ९०० व्होल्टसाठी बनवलेली ट्यूब ४५०च्या पॅकवर लावली तर कधी पेटेल कधी नाही, आणि ४५०ची ट्यूब ९००वर लावली तर ट्रिगर, म्हणजे पेटायचा इशारा, न देताच आपोआप पेटू शकते. पाटीवरचा आकडा जुळला म्हणून हे थांबत नाही.

बरं, पिन. हेडच्या केबलमधून एक वायर जात नाही, एका जोडीतून फ्लॅशची मुख्य ताकद, एकीतून ट्रिगर, वेगळीतून मॉडेलिंग लॅम्प (उजेड कसा पडेल ते दाखवणारा सतत पेटणारा दिवा), कुठं पंख्याचीही वायर असते. कोणती पिन कशासाठी हे कंपनीगणिक वेगळं. ट्रिगरची कॉइल काही सिस्टीममध्ये हेडात असते, काहींत पॅकमध्ये. स्पीडोट्रॉन ही स्टुडिओ फ्लॅशची एकच कंपनी, पण तिच्या ब्राउन लाइन सिरीजचं हेड ब्लॅक लाइन सिरीजच्या पॅकला चालत नाही, प्लगच वेगळे दिलेत. एकाच घरातल्यांनी वेगळे प्लग उगाच दिले असतील का? तो प्लग म्हणजे कुलूप आहे लेका, कापून दुसरा लावला म्हणजे चावी मिळाली असं नाही. मोंढ्यातले काका पाण्याची मोटार झोपेतही भरतील, त्यांच्या हाताला नाव ठेवणार नाही मी, पण ह्या हेडचं सर्किट त्यांच्यापुढं कोणी ठेवलंय? त्यात पॅक अमेरिकेचा १२० व्होल्टवाला निघाला तर आपल्या २३० वर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचाच नाही, मॉडेलिंग लॅम्प तर पहिल्या सेकंदातच जाईल. आणि जुळणारं हेड असलं तरी त्याची मर्यादा वेगळी, १००० वॅट-सेकंदाच्या हेडात २४०० सोडलं तर ट्यूबची काच तडकू शकते.

आता "बंद केला की करंट संपला". हे वाचून मला खरंच राग आला. कपॅसिटर म्हणजे टाकी, मोटार बंद केली म्हणून टाकी रिकामी होत नाही. दवाखान्यात ठोका बिघडून नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला जो झटका देतात ते मशीन जास्तीत जास्त ३६० ज्यूल देतं, आणि वरच्या उदाहरणातला पॅक ४०० साठवतो. म्हणून आधी पॉवर बंद, मग साठलेलं डंप, म्हणजे रिकामं करायचं, मग पॅकसोबतच्या पुस्तकात लिहिलंय तेवढी वाट बघायची आणि मगच केबल काढायची. मी स्वतः रोलच्या काळात एका लग्नाच्या घाईत चार्ज असताना केबल ओढली होती. फाटकन आवाज झाला, पिनेच्या टोकाला पितळेचा वितळलेला मणी, आणि दोन मिनिटं डोळ्यांसमोर हिरवं. हात वाचला ते नशीब. ती पिन अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोणी नवीन पोरगा कामाला आला की दाखवतो.

वर्षानुवर्षं पडलेला पॅक थेट लावायचा, हेही नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पडून पडून कमजोर होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गरम होऊन फुगतो, फुटतोसुद्धा. जाणकाराकडून व्होल्टेज हळूहळू चढवत तयार करून घ्यावा लागतो. त्यात आपल्याकडं रब्बीत शेतातल्या मोटारी चालू झाल्या की लाइटीचा खेळ माहीतच आहे.

सिंक वायरचं थोडक्यात: जुन्या फ्लॅशच्या सिंकवर शे-दोनशे व्होल्ट निघू शकतात, आणि आयएसओ १०३३० हे मानक २४ व्होल्टची मर्यादा सांगतं. काही कॅमेरे २५० पर्यंत सोसतात, तुझा सोसतो का ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघ. नाहीतर बिनवायरचा रेडिओ ट्रिगर लाव, त्याच्या रिसीव्हरचीही मर्यादा बघून. मऊ उजेडावर काय बोलायचं, उजेडाचा मऊपणा सॉफ्टबॉक्स (हेडपुढं लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा) किती मोठा नि किती जवळ ह्यावर असतो, पॅक किती जुना ह्यावर नाही.

एवढं मात्र कबूल करतो, जुने पॅक दणकट असतात, उघडून दुरुस्त होतात, आणि जास्त व्होल्टेजवाल्यांचा झोत साधारण लवकर संपतो, म्हणजे हलणारं लेकरू स्पष्ट येतं. त्याच कंपनीच्या त्याच सिरीजचं हेड असलं तर खुशाल लावा, कंपनीनंच दिलेला अडॅप्टर असला तरी चालतंय. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक असंच एखादं जुळलेलं जोडपं बघितलंय आणि सगळ्या जगाला लागू केलंय.

भाच्याला म्हणलं, काकांना आजच सांग पिन कापू नका म्हणून. सकाळी पहिल्या गाडीनं पॅक आणि हेड दोन्ही घेऊन परभणीला ये. पॅकच्या मागची पाटी आणि हेडच्या बुडाची पाटी शेजारी ठेवून वाचू. नाहीच जुळलं तर पॅक ठेव, त्याच कंपनीचं हेड हुडकू, सापडतंय. तर म्हणतोय, "मामा, पाटी तर खरडून गेलीय."