साठी आली की माणूस आपोआप सावध होतो?

घरोघरच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. वय वाढलं की माणूस जोखीम टाळतो, अनुभवामुळे फसत नाही, म्हणून निवृत्त झालात की सगळा पैसा एफडीत टाका आणि निर्धास्त झोपा, नाहीतर व्यवहार मुलांकडे सोपवा. ऐकायला बरं वाटतं. पण यातलं एकेक विधान तपासून बघूया.

आधी ते जोखीम टाळणं. यात तथ्य नाही असं नाही. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या पाहण्यांत लोक स्वतःच सांगतात की धोका पत्करायची तयारी पासष्टीपर्यंत कमी होत जाते. पुढे आलेख जवळपास सपाट होतो. पण हे झालं बोलणं. वागणं तपासणारे अनेक प्रयोग 2011 मध्ये एकत्र मांडले गेले. शक्यता कागदावर स्पष्ट लिहिलेल्या असतील, तर तरुण आणि ज्येष्ठ यांच्या निवडीत फारसा फरक नव्हता. शक्यता आधी न सांगता खेळता खेळता सावध व्हायला शिकायचं होतं, तिथे मात्र ज्येष्ठांनीच जास्त धोका घेतला. आणि धोका घेणंच फायद्याचं होतं, तिथे तेच मागे राहिले. म्हणजे प्रश्न धाडसाचा कमी आणि नवं शिकण्याच्या वेगाचा जास्त.

दुसरं, अनुभव. अमेरिकेत कर्ज आणि क्रेडिट कार्डाचे व्यवहार तपासणारा 2009 चा एक अभ्यास सांगतो की पैशाच्या चुका सर्वांत कमी होतात त्या 53 च्या आसपास. अनुभव वाढत असतो, पण आकडेमोडीची चपळाई उतरत असते. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात साठीनंतर आर्थिक समजेच्या चाचणीतले गुण दर वर्षी साधारण एका टक्क्याने घसरताना दिसले. आत्मविश्वास मात्र जिथल्या तिथे! फसवणारे याच फटीतून आत शिरतात. ‘मला नको शिकवूस, तीस वर्षं बँकेचे व्यवहार केलेत’ हे वाक्य कुणाच्या घरात ऐकू येत नाही?

आता एफडी. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत सुरुवातीला फक्त 1000 रुपये काढता येणार होते. मुंबईतल्या कितीतरी पेन्शनरांची पुंजी तिथे होती. ठेवींवरचा विमा तेव्हा 1 लाखाचा होता. 5 लाखांचा झाला तो फेब्रुवारी 2020 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-1 रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर पूर्ण बुडू शकतात असे कर्जरोखे, शून्यावर आले. ते विकताना ग्राहकांना ‘सुपर एफडी’ म्हणून सांगितलं गेल्याचं सेबीच्या आदेशात आहे. म्हणजे ज्यांना जोखीम नकोच होती, त्यांनाच ती ‘एफडी’ या नावाखाली विकली गेली.

बँक भक्कम असली तरी महागाई आहेच. साठीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी महिन्याकाठी 20,500 रुपये पडतात, कर वेगळा. हाच दर टिकला आणि महागाई 6 टक्के राहिली, तर बहात्तरीत त्या रकमेत आजच्या दहा हजारांइतकंच सामान येईल. योजना चांगलीच आहे. सगळा पैसा तिच्यात घालणं हा वेगळा मुद्दा.

आणि निरोपाच्या शेवटी जोडलेलं ते ‘नाहीतर व्यवहार मुलांकडे सोपवा’? इतकी घाई नको. पंचावन्न-साठीत, डोकं तल्लख असताना, एक नियम कागदावर उतरवून ठेवावा: नव्या योजनेवर त्याच दिवशी सही नाही, आधी घरातल्या एकाला तरी कागद दाखवायचा. नियम आपला आपणच केलेला असला की पंचाहत्तरीत तो पाळताना मानही जात नाही.